दांपत्यजीवनातील भरती-ओहोटी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विवाहास पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दांपत्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि तीवर दोन वर्षांचे डी.एड., एवढ्या शिदोरीवर मी सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, विषय संसाराचा आहे, त्याला पदवी कशाला?" आणि घरी सौ. म्हणाली, "बोला की. पण खरे बोलणार असाल तरच." चिटणीसांच्या वाक्याने मी होकार दिला आणि सौभाग्यवतीच्या वाक्याने अडचणीत सापडलो. आज जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी त्या दुसऱ्या वाक्यामुळे.

संसार हा रथ आणि पतिपत्नी ही त्याची दोन चाके, ही उपमा आपण प्रत्येक लग्नात ऐकतो. मीही ती अनेक मांडवांत वापरली आहे. पुढे एकदा बैलगाडीच्या मागून चालत असता सहज ध्यानात आले की, गाडीची दोन चाके जन्मभर एका आसावर राहतात खरी, पण एकमेकांना ती कधी भेटत नाहीत. त्या दिवसापासून मी ही उपमा सोडून दिली. समोर पाच दांपत्ये बसली आहेत. त्यांनी पन्नास वर्षांचा संसार केला याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. तथापि यांतील प्रत्येक जोडप्याला एकांतात विचारले, तर एखादे वर्ष असे निघेल की ज्याविषयी ती दोघे आजही आपसात बोलत नाहीत. सत्काराच्या हारात ते वर्ष ओवले जात नाही. माझा विषय मात्र तेच वर्ष आहे.

आपल्या भाषेत पतिपत्नींच्या अंतरंगाविषयी मोकळेपणाने लिहिण्याची चाल फार जुनी नाही. न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १८७३ साली विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि माधवराव तिशी ओलांडलेले विधुर होते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि लहान मुलीशी लग्न केले. ही बोच त्या संसाराच्या पायातच होती. रमाबाईंचे पुस्तक थोर आहे; पण त्यातील पूज्यभाव इतका दाट आहे की, त्यांना पतीचा राग कधी आला असेल तो वाचकाला हुडकून काढावा लागतो. हुडकून काढावा लागू नये असे एक पुस्तक आपल्याकडे आहे. ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ते भागश: प्रसिद्ध झाले. हे टिळक लोकमान्य नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक, कवी टिळक, ज्यांची 'वनवासी फूल' आणि 'सुशीला' ही काव्ये मराठीच्या इतिहासात नोंदली गेली आहेत ते.

ज्ञातीच्या व्यासपीठावर ज्याने ज्ञातीच नव्हे तर धर्मही सोडला त्याची कथा कशाला, असे काही जणांच्या मनात येईल. मी धर्माविषयी काहीही बोलणार नाही. मला त्या दोघांच्या संसाराविषयी बोलावयाचे आहे, आणि त्या संसारात जातीने काय केले ते ओघाने येईलच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घर कर्मठ, सोवळेओवळे पराकोटीचे. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा बुद्धिमान, कवी, वक्ता, उदार, आणि तितकाच शीघ्रकोपी व चंचल. हातचा पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन टाकावयाचा, घरात काय शिजणार याची फिकीर करावयाची नाही, आणि मनाविरुद्ध काही घडले तर न सांगता घरातून निघून जावयाचे. किती दिवस, कोठे, कोणास ठाऊक! परत आला की पुन्हा हसणे, कविता, प्रेमाचा पूर. लिहिणे-वाचणे त्यानेच तिला शिकविले. शिकविताना चिडणेही त्याचेच. लक्ष्मीबाई हे सारे अशा विनोदाने सांगतात की, वाचणारा हसता हसता थांबतो आणि विचार करतो, अरे, ही बाई तेव्हा काय सोशीत असेल!

त्यानंतर आली ती खरी ओहोटी. नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची भेट झाली, त्याने बायबल दिले, आणि टिळकांच्या मनात वादळ सुरू झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी बरोबर नव्हती. ती माहेरच्या माणसांत होती, पदरी चार वर्षांचा मुलगा दत्तू. त्या काळी याचा अर्थ काय होता हे आजच्या तरुण मंडळींना सांगावे लागेल. नवरा जिवंत आणि तरी तो आपल्याला मेला. त्याच्या हातचे पाणी नाही, त्याच्या घरात पाऊल नाही. गेलीच तर परतीची वाट बंद. (असा बहिष्कार घालणे आज महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्यासाठी २०१६ चा कायदा आहे. तो करावा लागला यावरून ती खोड किती अलीकडेपर्यंत जिवंत होती हे कळते.) आप्तांनी तिला पंढरपुरास ठेविले. तेथे दु:खाच्या भरात ही बाई स्वत: कविता करू लागली.

चार-पाच वर्षे ही ताटातूट चालली. आता मला ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे ती ही की, हा संसार जोडून देण्यास कोणतीही पंचायत बसली नाही. उलट चारी बाजूंनी तो तोडण्याचीच तजवीज होती. टिळकांनी एवढे केले की भेटीगाठींचा व पत्रांचा धागा तुटू दिला नाही. आणि लक्ष्मीबाई नगरला (आताचे अहिल्यानगर) आल्या तेव्हा तो रागीट, उतावळा माणूस आश्चर्य वाटावे इतका थांबला. तिने वेगळे बिऱ्हाड मागितले, वेगळे बिऱ्हाड झाले. तिची चूल वेगळी, तिचे पाणी वेगळे, तिचे देव वेगळे. 'मी नवरा आहे, माझ्या मागून ये' असा हुकूम त्याने केला नाही. पुढे राहुरीस असता, जात देवाने केली की माणसाने, या विचाराचा तिच्या मनाने स्वत:च निकाल लावला आणि १९०० साली तिनेही त्याचा धर्म स्वीकारला. आपण त्या निर्णयाशी सहमत व्हावे असे मी म्हणत नाही. तो तिने घेतला, तिच्या सवडीने घेतला, एवढेच मी पाहतो.

यानंतर सारे गोड झाले असेही नाही. भांडणे चालूच राहिली. तोच राग, तीच उधळपट्टी. मात्र आता त्या भांडणाला दोन बाजू होत्या. त्यांच्या घरात अनाथ मुले वाढली, बालकवी ठोंबऱ्यांसारख्यांना मायेचा आसरा मिळाला. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या बाईला त्यांनी अक्षरे गिरवावयास लाविले होते, तिनेच ते पुढे पुरे केले.

हे पुस्तक मी केव्हा वाचले ते आता सांगतो. शाळेच्या ग्रंथपेटीत त्याची एक जीर्ण प्रत होती. मी तिच्यावर कितीतरी वेळा शिक्का मारला, दप्तरी नोंद केली, पण उघडून पाहिली नव्हती. १९९४ सालच्या हिवाळ्यात ती मी घरी आणली. कारण त्या हिवाळ्यात संध्याकाळी माझ्याशी बोलावयास घरात कोणी नव्हते.

आमचा विवाह १९८१ च्या मे महिन्यातला. पहिली नेमणूक डोंगराळ भागात, गावात वीज नाही, शाळेशेजारी पत्र्याची एक खोली. पावसाळ्यात पत्र्यावर असा मारा होई की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागे. आम्ही नवीन होतो, आम्हांला त्याचेही हसू येई. माझ्याजवळ टेरीलीनची एकच विजार होती. तिचा काठ झिजला की सौ. तो उलगडून, आतले कापड बाहेर काढून, पुन्हा असा शिवी की साहेबांच्या तपासणीला मी नवा दिसे. आपल्या समाजातील मुलीला हे शिकवावे लागत नाही. शाळेतल्या ज्या पोरांच्या सदऱ्याला गुंडी नसे त्यांना ती ओट्यावर बसवून गुंड्या लावून देई. त्या गावची माणसे मला 'गुरुजी' म्हणून ओळखत आणि तिला 'गुंड्यावाल्या बाई' म्हणून. आणि मला वाटते, लोभ तिच्यावर अधिक होता. ती तीन वर्षे आमच्या आयुष्यातील भरतीची. पगार तोकडा होता, आणि काही लपविण्यासारखे नव्हते.

पुढे बदली होऊन आम्ही मोठ्या गावी आलो. मुलगी झाली, मुलगा झाला, आई आमच्याकडे राहावयास आली. याच सुमारास तयार कपड्यांची दुकाने वाढू लागली होती आणि आपल्या धंद्याला उतरती कळा लागली होती, हे येथे बसलेल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. माझ्या एका चुलतभावाने यंत्रे विकून तयार कपड्यांचे दुकान घालावयाचे ठरविले. एका पतसंस्थेचे चाळीस हजारांचे कर्ज काढले. १९९० साली मी त्याला जामीन राहिलो. भाऊ वाईट नव्हता, दुकान चालले नाही इतकेच. हप्ते थकले. पतसंस्थेचा माणूस शाळेत येऊ लागला. मुलांसमोर शोभा नको म्हणून मी एके दिवशी सौभाग्यवतीच्या पाटल्या काढून नेल्या आणि सराफाकडे गहाण टाकल्या. तिला सांगितले, "चोऱ्या वाढल्या आहेत, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो."

बंधुभगिनींनो, मी वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलाला बाकावर उभे करणारा मास्तर! हे वाक्य मी सहज बोललो, आणि ते इतके सहज निघाले याचेच मला आज भय वाटते.

१९९३ च्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. तिने पाटल्या मागितल्या. "उद्या आणतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी होती असे सांगितले. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा खरे सांगितले. मला वाटले ती रडेल, भांडेल. ती भाकरी करीत होती. तव्यावरची भाकरी तिने उलटली, शेकली, टोपलीत ठेवली आणि म्हणाली, "पाटल्या गेल्या त्याचं काही नाही. लॉकर म्हणालात, त्याचं आहे." लग्नाला ती हातात काचेच्या बांगड्या घालून गेली. मुदत टळली, सराफाने पाटल्या मोडल्या, आणि कर्जाचा उरलेला भाग माझ्या पगारातून दरमहा कापला जाऊ लागला.

त्यानंतर दीड वर्ष आमच्या घरात भांडण झाले नाही. बाहेरच्यांना आम्ही आदर्श जोडपे वाटत असू. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, मुलांचा अभ्यास चोख. फक्त ती माझ्याशी कामापुरते बोले. "दळण संपलं." "मुलाला ताप आहे." भांडणारे घर परवडते, हे मी त्या दीड वर्षात शिकलो, भांडणात निदान समोरच्याकडून काही अपेक्षा असते. १९९४ च्या भाऊबीजेला तिचा भाऊ आला, आणि त्याच्याबरोबर ती धाकट्याला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. मुलगी दहा वर्षांची; तिची शाळा, आणि तिची आजी, म्हणून ती येथेच राहिली. त्या हिवाळ्यात माझ्या मुलीने पहिल्यांदा भाकरी थापली. तिची बोटे पोळली होती, आणि ती मला दिसू नयेत म्हणून तिने हात परकरात लपविला. घरात लपविण्याचे शिक्षण कोणी कोणाला दिले होते हे सांगावयास नकोच.

माझी आई जुन्या वळणाची. मला वाटले ती सुनेला नावे ठेवील. ती एवढेच म्हणाली, "तुझी भाकर मी थापीन, पण तुझ्यासाठी बोलायला मी त्या दारात जाणार नाही."

आता या कथेतील सर्वांत ओशाळवाणा भाग. त्या वेळी मी आपल्याच मंडळाच्या समेट समितीचा सभासद होतो. रविवारी कार्यालयात जाजमावर बसून मी दुसऱ्यांच्या लेकींना समजावून सांगत असे, "बाई, संसार म्हटला की भांड्याला भांडे लागते. नांदायला जा." आणि सोमवारी स्वत:च्या हाताने चहा करून शाळेत जात असे. समितीतील वडीलधाऱ्यांना माझी स्थिती कळली, तेव्हा ते आपलेपणाने दोनदा तिच्या माहेरी गेले. तिने त्यांना चहा-फराळ दिला आणि दोन्ही वेळा एकच निरोप पाठविला, "त्यांना म्हणावं, कोणाकडून किती घेतलं, कोणाला किती दिलं, तो सगळा हिशेब लिहून आणा." वडीलधारे परत येऊन म्हणाले, "गुरुजी, मुलगी हट्टी आहे. बायकोने नवऱ्याला हिशेब मागायचा म्हणजे काय!" मीही मान डोलाविली.

त्या रात्रींतून मी 'स्मृतिचित्रे' वाचीत होतो. वाचता वाचता मी टिळकांवर रागावू लागलो. बायकोला न सांगता निघून जाणारा हा कसला माणूस! आणि मग पुस्तक मांडीवर पालथे ठेवून मी कितीतरी वेळ बसलो. त्यांनी जे केले ते निदान श्रद्धेसाठी केले होते. मी चारचौघांत तोंड दिसावे म्हणून केले. त्यांनी केले ते जगाला सांगून केले. मी लॉकर म्हणालो. आणि ज्याला मी मनातल्या मनात बाकावर उभे करीत होतो, तो बायकोचे वेगळे पाणी भरलेले पाहून गप्प बसण्याइतका मोठा झाला होता. माझ्याने एक हिशेब लिहवत नव्हता.

मग मी शाळेची एक दुरेघी वही घेतली आणि लिहावयास बसलो. तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री लिहिले त्यात भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले तीन हजार मी घातले नव्हते. ते तिला कळण्याचा संभव नव्हता. दुसऱ्या रात्री ते पान फाडले. भाऊ, पतसंस्था, सराफ, निधी, मित्राकडून उसने घेतलेले साडेचारशे, सारे तारीखवार लिहिले, आणि सराफाची चिठ्ठी शेवटच्या पानाला टाचणीने लावली. फेब्रुवारीत एका रविवारी, समितीची बैठक चुकवून, मी एकटाच तिच्या माहेरी गेलो. ओटीवर बसलो. तिने वही घेतली, उंबऱ्यात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या. एक बेरीज चुकली होती. मास्तराची! दुसऱ्या खुणेविषयी तिने विचारले, मी उत्तर दिले. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "जून उजाडू दे. पोराचं वर्ष होऊ दे इथं."

जून उजाडला आणि ती आली. बरोबर भावाकडून हप्त्याने घेतलेले एक जुने शिलाईयंत्र. तिच्या अटी दोन होत्या. पगाराचे पासबुक तिच्याजवळ राहील, आणि तिला विचारल्याशिवाय मी कोठेही सही करणार नाही. तिसरी गोष्ट तिने विचारली नाही, केली: शाळेच्या मुलांचे गणवेश शिवावयास घेतले. माझ्या विद्यार्थ्यांचे पालक माझ्या दारात माप द्यावयास येऊ लागले. प्रथम मला लाज वाटे. मी मागच्या दाराने बाहेर जाई. आपल्या पूर्वजांनी ज्या कामावर पिढ्या पोसल्या त्याची एका मॅट्रिक मास्तराला लाज! ती जावयास मला वर्ष लागले. एके दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि तिने न विचारता माझ्या हातात गुंड्यांचा डबा दिला. मी बसलो आणि गुंड्या लावू लागलो. २००० साली शेवटचा हप्ता फिटला. त्यात तिच्या शिलाईचा वाटा माझ्या पगारापेक्षा कमी नव्हता.

आमचे पूर्वीसारखे झाले का, असे कोणी विचारील. नाही, पूर्वीसारखे झाले नाही. पत्र्याच्या खोलीतले ते हसू निराळे होते. त्याला काही ठाऊक नव्हते. आता मी काही सांगू लागलो की ती क्षणभर माझ्याकडे पाहते. तो क्षण अजून आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात गेली तीस वर्षे तो आहे, आणि तो मी कमाविलेला आहे. पण संध्याकाळी आम्ही दोघे कालव्याच्या कडेने फिरावयास जातो. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी हळू चालतो, माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही म्हणून ती उजव्या बाजूने चालते. वाटेत आम्ही भांडतो. दीड वर्षाच्या त्या शांततेनंतर मला भांडणाचे फार अगत्य वाटते.

आता मंडळाच्या कारभाऱ्यांना दोन शब्द सांगण्याची परवानगी असावी. आपल्या समेट समितीने पुष्कळ घरे सावरली, हे मी नाकारीत नाही. परंतु मी त्या जाजमावर बारा वर्षे बसलो, आणि एवढ्या काळात आम्ही मुलीला पहिला प्रश्न विचारला तो नेहमी एकच: "नांदायला केव्हा जाणार?" काय झाले, हे आम्ही नंतर विचारले, किंवा विचारलेच नाही. एक मुलगी मला आठवते. ती बैठकीत एक शब्द बोलली नाही, सारा वेळ खिडकीकडे पाहत होती. आम्ही तिला समजूतदार म्हटले आणि परत पाठविले. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा तिचे मनगट प्लास्टरमध्ये होते. आज ती सुखरूप आहे, स्वत:च्या पायांवर उभी आहे. पण त्यात आपल्या समितीचे श्रेय काही नाही. मी त्यानंतर समिती सोडली. सोडण्यापूर्वी बोलावयास हवे होते, ते आज बोलतो आहे.

जेथे मारहाण आहे तेथे समेटाचे जाजम अंथरूच नये. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आहे; मुलीला तेथे पोहोचविणे एवढेच आपले काम. जेथे दोघांनाही एकत्र राहणे अशक्य आहे तेथे परस्परसंमतीने वेगळे होण्याची वाट हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे. ती वाट धरणाऱ्यांना वधूवर मेळाव्यात बाजूला बसविण्याची चाल आपण सोडावी. आणि जेथे संसार सावरण्याजोगा आहे, तेथे आधी नवऱ्याने, किंवा ज्याची चूक असेल त्याने, आपला हिशेब लिहून आणावा. मग वडीलधाऱ्यांनी गाडीभाडे खर्च करावे. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात अशी लेखी सूचना मी चिटणीसांकडे दिली आहे. ती पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावी. आजच्या सत्काराचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल, एवढे अधिक बोलतो आणि क्षमा मागतो.

चिटणीसांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठविली आहे, तेव्हा आवरतो. हे सारे मी सौभाग्यवतीच्या परवानगीने सांगितले. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. एक गोष्ट सांगावयाची नाही असे तिने बजावले होते, ती मी सांगितलेली नाही. पाटल्यांचे काय झाले ते मात्र सांगण्यास हरकत नसावी. २०१५ साली मी निवृत्त झालो, उपदानाची रक्कम हातात आली, तेव्हा मी तिला सराफकट्ट्यावर घेऊन गेलो. तिने एक जोड हातात घालून पाहिला, मनगट फिरवून पाहिले, आणि काढून ठेवला. "आता जड होतात," म्हणाली. आम्ही पेठेतून दुसऱ्या यंत्रासाठी विजेची मोटर घेऊन घरी आलो.

गेल्या वर्षी त्या जुन्या यंत्राला तेल घालण्यासाठी मी त्याचा खण ओढला. बॉबिनी, खडू, तुटक्या सुया, आणि सर्वांत खाली ती दुरेघी वही. सराफाची चिठ्ठी अजून टाचणीला होती. टाचणीचा गंज कागदाला लागला होता. मी विचारले, "हे अजून कशाला ठेवलं आहेस?" ती कापड बेतीत होती. मान वर न करता म्हणाली, "हिशेबाचा कागद आहे. राहू दे तिथंच."